सतरा वर्षांचा खर्च कोणी उचलला?

१९९५च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात शनिवारच्या रात्रीचा मानाचा कार्यक्रम 'स्टोन रोझेस' या बँडचा होता. त्यांचा गिटारवादक जॉन स्क्वायर सायकलवरून पडून हासळीचं हाड मोडून बसला आणि आयोजकांनी ऐनवेळी 'पल्प' या बँडला बोलावलं. पल्पचं 'कॉमन पीपल' हे गाणं तेव्हा नुकतंच ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. त्या रात्री मैदानभर पसरलेल्या गर्दीने ते तोंडपाठ म्हटलं आणि शेफील्डचा एक काटकुळा, तिशी ओलांडलेला गायक, जार्व्हिस कॉकर, देशभर माहीत झाला. ऑक्टोबरात 'डिफरंट क्लास' हा अल्बम आला तो थेट पहिल्या क्रमांकावर. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

इथवर सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला पुढे एक बोधवाक्य हमखास चिकटवलं जातं: बघा, बँड सुरू झाला १९७८ मध्ये, यश आलं १९९५ मध्ये, पण गड्याने सतरा वर्षं हार मानली नाही. प्रयत्नांती परमेश्वर. मला या बोधाचा आता कंटाळा आला आहे. चिकाटी होती यात वाद नाही. पण या सतरा वर्षांत ही मंडळी खात काय होती, राहत कुठे होती, भाडं कोण भरत होतं, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडेही कलावंताच्या हलाखीच्या दिवसांचं कौतुक फार, पण त्या दिवसांचा जमाखर्च कोणी मांडत नाही.

माझं म्हणणं असं की पल्प जितका कॉकरच्या जिद्दीवर उभा राहिला, तितकाच ब्रिटनच्या करदात्याच्या पैशावर. आणि हे मान्य केल्याशिवाय छोट्या संगीतस्थळांवरून, त्यांना जगवण्यासाठी मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटावर लावायच्या अधिभारावरून तिथे सध्या जी वादावादी चालली आहे तिला काही अर्थ नाही.

हिशेब सुरुवातीपासून मांडू. कॉकर पंधरा वर्षांचा असताना शेफील्डच्या सिटी स्कूल या सरकारी शाळेत बँड निघाला. पहिला जाहीर कार्यक्रम जुलै १९८० मध्ये, शेजारच्या रॉदरहॅम गावातल्या आर्ट्स सेंटरमध्ये झाला. साउथ यॉर्कशर परगण्याने १९७५ पासून बसभाडं वाढवलंच नव्हतं. मुलांना तर काही काळ दोन पेन्सात कुठेही जाता येत होतं. (ड्रमचा संच बसमध्ये कसा चढवायचा हा प्रश्न वेगळा.) लंडनचे पुढारी या भागाची 'समाजवादी प्रजासत्ताक' म्हणून टर उडवत, आणि इथले लोक ते नाव अभिमानाने मिरवत. पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८६ मध्ये परगण्याची ही परिषदच मोडीत काढली. त्याबरोबर स्वस्त बसही गेली.

१९८१ मध्ये रेडिओचे जॉन पील एका कार्यक्रमासाठी शेफील्डच्या पॉलिटेक्निकमध्ये आले होते. अठरा वर्षांच्या कॉकरने त्यांच्या हातात कॅसेट दिली. नोव्हेंबरात पल्पचं बीबीसीवर ध्वनिमुद्रण झालं. शाळकरी पोरांच्या बँडला देशभर ऐकवणारा हा माणूस कोणत्याही कंपनीचा नव्हता. त्याचा पगार आणि स्टुडिओचा खर्च दोन्ही टीव्हीसाठी लोक भरत त्या परवाना शुल्कातून येत होतं. पील यांच्यासाठी पल्पचं दुसरं ध्वनिमुद्रण झालं ते थेट १९९३ मध्ये. मधे बारा वर्षं गेली.

ती बारा वर्षं नीट बघावीत अशी आहेत. १९८३चा पहिला अल्बम फारसा कोणी घेतला नाही. माणसं येत-जात राहिली. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. शेफील्डचं पोलाद बसलं होतं आणि सुऱ्या-कात्र्यांचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. अशा शहरात कामावर नसणं ही कोणाची वैयक्तिक नालायकी मानली जात नव्हती. बेकारभत्ता मिळे, त्यात घरभाड्याची मदत असे आणि दर पंधरवड्याला सही करायला जावं लागे. कॉकरने आपण भत्त्यावर जगत होतो हे कधीच लपवलेलं नाही. रिकाम्या कारखान्यांत तालमीला जागा मिळायची. याच शहरातल्या 'कॅबरे व्होल्तेर' या बँडचा स्टुडिओही कारखान्याच्याच जुन्या इमारतीत होता. १९८० मध्ये एका जुन्या पिठाच्या गिरणीत 'लेडमिल' हे कार्यक्रमांचं ठिकाण सुरू झालं. पल्प तिथे अगदी सुरुवातीपासून वाजवत आले.

आता यातली गंमत बघा. बेकारांचा आकडा कमी दिसावा म्हणून थॅचर सरकारने 'एंटरप्राइज अलाउन्स' नावाची योजना काढली. बँकेत हजार पौंड दाखवायचे, मी धंदा सुरू करतोय असं लिहून द्यायचं, की वर्षभर आठवड्याला चाळीस पौंड मिळणार आणि बेकारांच्या यादीतून नाव कमी होणार. हजार पौंड उसने आणून खात्यात दाखवायचे आणि परत करायचे ही युक्ती तेव्हा सर्रास चाले. या योजनेचा फायदा घेतलेल्यांत 'क्रिएशन रेकॉर्ड्स' या संगीत कंपनीचे अॅलन मगी होते. पुढे 'ओएसिस' या गाजलेल्या बँडला करारबद्ध केलं ते त्यांनीच. चित्रकार ट्रेसी एमिनही त्याच योजनेतल्या. कलेला पैसे देणं हे सरकारचं काम नव्हे असं मानणाऱ्या बाईंच्या राजवटीत न कळत जी कलावृत्ती वाटली गेली, तिची सर उघडपणे दिलेल्या अनुदानांना क्वचितच आली असेल.

१९८५च्या नोव्हेंबरात कॉकर खिडकीतून खाली पडला. एका मुलीवर छाप पाडण्यासाठी स्पायडरमॅनसारखं खिडकीबाहेर लोंबकळून दाखवत होता, हात सुटला. ओटीपोटाचं हाड, घोटा आणि मनगट मोडलं. काही काळ तो चाकांच्या खुर्चीत बसून कार्यक्रम करत होता. इस्पितळातून बिल आलं नाही, कारण तिथे ते येतच नाही. कीबोर्ड वाजवणाऱ्या कँडिडा डॉइलला तर कुमारवयापासून संधिवात आहे. बोटांवर पोट असलेल्या बाईला संधिवात म्हणजे काय हे सांगायला नको. ती आजही बँडमध्ये आहे. पल्पचा इतिहास लिहिणाऱ्यांना खिडकीचा किस्सा फार प्रिय, पण त्यातल्या मोफत उपचारावर कोणी एक ओळ खर्च करत नाही.

मग १९८८. कॉकर लंडनला सेंट मार्टिन्स कॉलेजात सिनेमा शिकायला गेला. तेव्हा ब्रिटिश विद्यार्थ्याला फी भरावी लागत नव्हती. उलट ऐपत नसलेल्याला राहण्याखाण्यासाठी स्थानिक प्रशासनाकडून अनुदान मिळे. तिथे त्याला शिल्पकला शिकणारी एक ग्रीक मुलगी भेटली. चांगल्या घरातली ही मुलगी सामान्य लोकांसारखं जगून बघायचंय असं म्हणाली. 'कॉमन पीपल' जन्मलं ते तिथे. गाण्याचा सगळा राग एका मुद्द्यावर आहे: तू आमच्यासारख्या खोलीत राहशील, आमच्यासारखे केस कापशील, पण भिंतीवर झुरळं चढताना दिसली की बापाला एक फोन करशील आणि सुटशील. आम्हाला तो फोन नाही. पोलादाच्या गावातला, भत्त्यावरचा मुलगा आणि श्रीमंताची मुलगी एका वर्गात बसली ती सरकारी पैशामुळे. फी असती तर वर्गात ती एकटीच असती, आणि मग हे गाणं लिहिणार कोण? त्याची चालही कॉकरला सापडली ती नॉटिंग हिलच्या एका दुकानात. तिथे जुन्या रेकॉर्ड देऊन त्या बदल्यात त्याने एक जुना, खेळण्यातला वाटावा असा कॅसिओ कीबोर्ड घेतला होता.

या काळात बाजाराने काय दिलं? पल्पचा करार 'फायर' या छोट्या कंपनीशी होता. 'सेपरेशन्स' हा अल्बम १९८९ मध्ये तयार झाला आणि दुकानात आला १९९२ मध्ये. छोट्या स्वतंत्र कंपन्यांबद्दल ज्यांच्या मनात एक हळवा कोपरा असतो, त्यांनी हे वर्षांचे आकडे जरूर बघावेत. 'आयलंड'सारखी मोठी कंपनी आली ती गाणी वाजायला लागल्यावर, मोहोर धरल्यावर. ती आली नसती तर ग्लास्टनबरीही नसतं, हे खरं. पण पंधराएक वर्षांचा धोका तिने पत्करला नव्हता. तो आधीच दुसऱ्या कोणीतरी पत्करला होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. भत्ता बेकारांसाठी होता, गिटार वाजवणाऱ्यांसाठी नव्हता, हा तर गैरवापर झाला. नियमाच्या पुस्तकात बघितलं तर मुद्दा बरोबर आहे. पण तीस लाख माणसांना काम नसताना कॉकरने रोज अर्ज खरडल्याने एक नोकरी वाढली असती असं कोणी म्हणणार नाही. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने तर हे अधिकृतच करून टाकलं. १९९९ मध्ये बेकार संगीतकारांसाठी वेगळी योजना निघाली आणि तिच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत पुन्हा तेच अॅलन मगी होते. सरकारी पैशावर उभा राहिलेला माणूस शिडी काढून न घेता दुसऱ्यासाठी लावायला धडपडला, ही त्या क्षेत्रातली दुर्मीळ गोष्ट.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेफील्डमधली स्वस्ताई आली कुठून? पोलाद मेलं म्हणून. कारखाने रिकामे झाले कारण तिथली हजारो माणसं घरी बसली. मग आजच्या बँडना तालमीला जागा मिळावी म्हणून आणखी एखादं शहर उद्ध्वस्त करायचं का? अर्थातच नाही, आणि ऐंशीच्या दशकाचे गोडवे गाणारे इथे मला खटकतात. ते दिवस वाईटच होते. पण त्या पडझडीतही बस, इस्पितळ, कॉलेज, भत्ता आणि रेडिओ या पाच गोष्टी शाबूत होत्या, स्वस्त बस निदान १९८६ पर्यंत. पडझडीतून संगीत आपोआप उगवत नाही. तसं असतं तर जगातल्या प्रत्येक बंद पडलेल्या गिरणीच्या गावातून एक पल्प निघाला असता.

तिसरा आक्षेप तरुण मंडळी घेतात: आता लॅपटॉपवर घरबसल्या गाणं करता येतं, कोणाच्या दयेची गरज काय? गाणं करता येतं हे खरं. त्यासाठी स्टुडिओ नको, कंपनी नको. पण गाणं करणाऱ्याला तीन वेळा जेवायला लागतं, आणि ते लॅपटॉपवर मिळत नाही. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे देणंच बंद केलं. १९८६ मधला पल्प आज तिथे असता तर त्याच्या खात्यावर बहुधा शून्य दिसलं असतं.

त्या पाच गोष्टींपैकी आता किती उरल्यात? ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये हजार पौंडांची फी आली आणि २०१२ मध्ये इंग्लंडच्या विद्यापीठांतला आकडा नऊ हजारांवर गेला. सिनेमा शिकायला निघालेला भत्त्यावरचा मुलगा आज डोक्यावर कर्ज घेऊन बाहेर पडतो. भत्त्याचं रूपही बदललं. 'युनिव्हर्सल क्रेडिट'मध्ये स्वतःचा व्यवसाय सांगणाऱ्याला वर्षभर सवड मिळते. त्यानंतर, तुझी कमाई अमुक इतकी झालीच असणार असं धरून रक्कम कापली जाते, मग ती झाली असो वा नसो. बँडला एक वर्ष. पल्पला सतरा लागली होती.

आणि वाजवायचं कुठे? 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था छोट्या संगीतस्थळांची बाजू लावून धरते. तिच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०२३ मध्ये अशी १२५ ठिकाणं बंद पडली किंवा त्यांनी कार्यक्रम करणं सोडलं. लेडमिलचंही तेच. जागेच्या मालक कंपनीने जागा सोडायला सांगितलं, वाद कोर्टात गेला आणि २०२५च्या जूनमध्ये चाळीसहून अधिक वर्षं चालवणाऱ्या मंडळींनी शेवटचा कार्यक्रम केला. मालक म्हणतात आम्ही तिथे संगीतच चालवू. चालवतीलही. पण कोणत्या भाड्यात, आणि शाळेतल्या पोरांना मंगळवारच्या रिकाम्या रात्री स्टेज देणार का, खरा प्रश्न तो आहे.

इथे आपल्याला ओळखीचं एक नाव येतं. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी काय झुंबड उडाली होती ते सांगायला नको. याच कोल्डप्लेने त्या वर्षीच्या हल आणि वेम्बलीच्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा छोट्या संगीतस्थळांसाठी व्हेन्यू ट्रस्टला दिला. चांगलंच केलं. त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ख्रिस मार्टिन शेरबॉर्न या महागड्या खाजगी शाळेतला, बँड जमला लंडनच्या विद्यापीठात आणि तीन-चार वर्षांत पहिला अल्बम पहिल्या क्रमांकावर. म्हणून त्यांचं संगीत कमअस्सल ठरत नाही. मला ते आवडतंही, बेताने. पण ज्याच्याकडे बापाला करायचा फोन आहे त्याचा बँड कोणत्याही धोरणात तगतो. धोरणाची परीक्षा व्हायची ती दुसऱ्याच्या बाबतीत.

मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या संस्कृतीविषयक समितीने सुचवलं की स्टेडियम आणि मोठ्या सभागृहांतल्या प्रत्येक तिकिटामागे काही रक्कम बाजूला काढून छोट्या स्थळांना द्यावी. ट्रस्टची मागणी तिकिटामागे एक पौंडाची आहे. समितीने हे आधी ऐच्छिक ठेवावं, उद्योग ऐकत नसेल तर कायदा करावा, असं म्हटलं. सरकारने नोव्हेंबरात ऐच्छिकलाच मान डोलावली. काही बँड देतात, काही आयोजक देतात, बाकीचे बघू म्हणतात. आपल्या गल्लीतली गणपतीची वर्गणीही याहून नेटाने गोळा होते, कारण तिथे न देणाऱ्याचं नाव फळ्यावर लागतं. फ्रान्समध्ये हा मामला दानधर्मावर सोडलेला नाही. तिथे संगीताच्या तिकिटावर साडेतीन टक्के कर आहे आणि तो संगीताच्या राष्ट्रीय केंद्राकडे जाऊन पुन्हा क्षेत्रात वाटला जातो. त्याने फ्रान्समधली स्टेडियमं ओस पडल्याचं काही दिसत नाही. शंभर पौंडांच्या तिकिटावर एक पौंड जड जाईल असं म्हणणारे आयोजक मागणी वाढली की त्याच तिकिटाचे दोनशे करताना मात्र ग्राहकाची काळजी करत नाहीत.

तेव्हा अधिभार सक्तीचा असावा. पण एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही, कारण स्टेज म्हणजे महिन्यातली एक संध्याकाळ. उरलेल्या एकोणतीस दिवसांचं काय? त्यासाठी आयर्लंडकडे बघावं लागेल. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने दोन हजार कलावंत निवडले आणि तीन वर्षांसाठी त्यांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. पात्र अर्जदारांतून निवड केली ती सोडत काढून. नाटक किती झालं, गाणं किती विकलं, असं काही विचारायचं नाही. मला यातली सोडत सगळ्यात शहाणपणाची वाटते. १९८३ मध्ये तज्ज्ञांची समिती बसवली असती तर तिने पल्पला नक्की नापास केलं असतं. ते अल्बम ऐका, समितीचंही काही चुकलं नसतं. भत्त्याची खिडकी आंधळी होती. समोरचा गातो कसा हे तिथल्या कारकुनाला माहीत नव्हतं आणि त्याला त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. त्या आंधळेपणाचाच फायदा झाला.

'मग जे बँड बुडाले त्यांचा खर्च कोणी भरायचा?' हा प्रश्न हिशेबी माणूस विचारणारच. त्याच खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या बहुतेकांचं पुढे काहीच झालं नाही. कोणी शिक्षक झाला, कोणी दुकान काढलं, कोणी अजून शनिवारी पबमध्ये वाजवतो. तो खर्च गेला असं धरून चाला. पण दुसऱ्या बाजूला पल्प २०११ मध्ये पुन्हा एकत्र आले, २०२३ मध्ये आले, २०२५ मध्ये त्यांचा 'मोअर' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि साठी ओलांडलेला कॉकर मोठमोठी सभागृहं भरवतो आहे. त्या प्रत्येक तिकिटावर ब्रिटनचं सरकार वीस टक्के मूल्यवर्धित कर घेतं. आठवड्याच्या भत्त्यापोटी जे दिलं ते एव्हाना कित्येक पटींनी वसूल झालं असणार. बुडालेल्या बँडचं धरूनही तो व्यवहार तोट्यात गेला असेल असं मला वाटत नाही. आणि गेला असला तरी, युद्धनौकांच्या वाढत्या खर्चावर ज्या खजिन्यात कोणी हूं की चूं करत नाही, त्याने चाळीस पौंडांवर डोळे वटारू नयेत.